ट्रिगरची तुलना केवळ वजनाच्या आकड्यावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पुरवणीत पिस्तुलांच्या ट्रिगरची तुलना करणारा लेख वाचला. नेमबाजीवर मराठीत जे छापून येते ते बहुधा पदकांपुरतेच असते, त्यामुळे पिस्तुलाच्या एकाच भागावर कोणी अर्धे पान खर्ची घालावे याचे अप्रूप वाटले. मात्र लेखकाने मिळत्याजुळत्या मॉडेलांसमोर ट्रिगर किती वजनाला सुटतो (म्हणजे गोळी सुटायला बोटाने किती जोर लावावा लागतो) तेवढा आकडा मांडला आणि ज्याचा आकडा लहान ते पिस्तूल उजवे ठरवले, ही पद्धत मला पटलेली नाही. पिस्तूल नेमबाजीशी माझा जुना संबंध असल्याने याबाबत थोडे सविस्तर लिहीत आहे.

ट्रिगर मागे ओढताना बोटाला जे जाणवते त्यात वजन हा एक भाग असतो. आधी न अडखळता येणारी सलग ओढ असते (हा पहिला टप्पा), मग बोट एका जागी अडते, तिथून प्रत्यक्ष सुटेपर्यंत ट्रिगर आणखी किंचित सरकतो (याला नेमबाज क्रीप म्हणतात), सुटल्यावरही तो काही अंतर मागे जातो आणि सोडताना एका ठरावीक जागी पुन्हा पकड घेतो, जिला रीसेट म्हणतात. वजनकाट्यावर दिसणारा आकडा या सगळ्या प्रवासातील सर्वांत जास्त जोर तेवढा सांगतो. तो जोर कुठे लागला, हळूहळू चढत गेला की शेवटच्या क्षणी एकदम उभा राहिला, याचा त्यात मागमूसही नसतो, आणि नेम बिघडतो तो नेमका तिथेच.

दहा मीटर एअर पिस्तुलाचे उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार या प्रकारात ट्रिगरचे वजन किमान 500 ग्रॅम लागते, तर 25 मीटर पिस्तूल प्रकारात ते 1000 ग्रॅम असते. सामन्याआधी पिस्तूल नळी वर करून उभे धरतात, ट्रिगरला ठरावीक वजन अडकवतात आणि ट्रिगर न सुटता ते टेबलावरून उचलले जाते की नाही एवढेच पाहतात. या तपासणीत पास झालेली एकाच मॉडेलची दोन पिस्तुले हातात मात्र अगदी वेगळी लागू शकतात. एकात 400 ग्रॅम पहिल्या टप्प्यातच खर्च होऊन अडल्या जागेवर जेमतेम 100 ग्रॅम उरलेले असतात, तर दुसऱ्यात ही वाटणी निम्मी-निम्मी असते. पहिल्यावर बोट टेकवून शांतपणे नेम धरता येतो आणि जरासा दाब वाढवला की ट्रिगर सुटतो. दुसऱ्यात शेवटी बराच जोर लावावा लागतो आणि मनगट हलण्याचा धोका वाढतो. लेखातील तक्त्यात ही दोन्ही पिस्तुले एकाच ओळीत बसली असती.

जुळ्या भावंडांसारखी दिसणारी मॉडेले बोटाला वेगळी का लागतात, याचे उत्तर बहुतेक वेळा सुरक्षिततेच्या एखाद्या लहानशा भागात असते, आणि लेखात नेमका याचाच उल्लेख नाही. चेक बनावटीचे सीझेड 75 आणि त्याची पुढची सीझेड 75 बी ही आवृत्ती शेजारी ठेवली तर अनोळखी माणसाला फरक सांगता येणार नाही. परंतु बी आवृत्तीत फायरिंग पिनला (काडतुसावर आदळून गोळी उडवणाऱ्या सुईला) अडवून धरणारी एक खुंटी आहे आणि ट्रिगर ओढताना बोटाला ती खुंटीही उचलावी लागते. ओढीत मध्येच जाणवणारी बारीकशी खरखर आणि काहीसा लांबलेला रीसेट ही त्या उचलण्याची किंमत होय. त्याच घराण्यातील एसपी-01 आणि एसपी-01 शॅडो यांच्यातही हाच भेद आहे: शॅडो स्पर्धेसाठी घडवलेली असल्याने तिच्यात ही खुंटी ठेवलेली नाही, म्हणून तिचा ट्रिगर नितळ लागतो. कोल्टच्या 1911 जातीच्या पिस्तुलांत सीरिज 70 आणि 1983 मध्ये आलेली सीरिज 80 यांवरून नेमबाजांत आजही जो वाद रंगतो, त्याचे मूळही फायरिंग पिनच्या अशाच अडसरात आहे. चांगल्या कारागिराने नीट बसवलेल्या सीरिज 80 मध्ये तो फरक जवळपास जाणवत नाही, असे माझे मत आहे. पण वाद घालणाऱ्यांना ते रुचत नाही.

1935 च्या ब्राउनिंग हाय-पॉवरची गोष्ट तर याहून मजेशीर आहे. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलेले असताना गोळी सुटू नये म्हणून त्यात एक छोटा दांडा बसवलेला असतो. मॅगझिन आत असताना तो मॅगझिनच्या पुढच्या पत्र्यावर टेकतो आणि ट्रिगर ओढला की त्या पत्र्यावर घासत जातो. म्हणजे पत्रा गुळगुळीत असेल तर ट्रिगर बरा लागणार आणि ओरखडलेला असेल तर अडखळणार, पिस्तूल तेच असले तरी!

कधी आतली यंत्रणा एकच असते आणि फरक केवळ बोट जिथे टेकते त्या पृष्ठभागाचा असतो. ग्लॉक 17 आणि ग्लॉक 19 यांची ट्रिगर यंत्रणा सारखीच आहे. तरीही अमेरिकेत विकल्या गेलेल्या ग्लॉक 19 च्या ट्रिगरवर अनेक वर्षे उभ्या खाचा असत, तर 17 चा ट्रिगर गुळगुळीत असे, कारण पिस्तूल आयात करण्यासाठी लागणाऱ्या तेथील गुणपद्धतीत लहान आकाराच्या पिस्तुलाला खाचांच्या ट्रिगरचे जादा गुण मिळत. बराच वेळ सराव केल्यावर त्या खाचा बोटाला टोचू लागतात आणि मग 19 चा ट्रिगर जड आहे, अशी तक्रार ऐकू येते. वजनकाटा मात्र तसे काही सांगत नाही.

मोजमापाबद्दलही लेखात मौन आहे. ज्या पिस्तुलाचा ट्रिगर खिळीभोवती फिरतो, त्यात वजनकाट्याचा हुक ट्रिगरच्या टोकाला लावला तर वजन कमी भरते आणि खिळीजवळ लावला तर जास्त, कारण तरफेची लांबी बदलते. 1911 चा ट्रिगर सरळ मागे सरकतो, त्यामुळे त्यात हा फरक फारसा पडत नाही. या दोन प्रकारांची एका तक्त्यात तुलना करताना हुक नेमका कुठे लावला होता, हे सांगितल्याविना ते वजन निरर्थक ठरते. झटक्याने ओढल्यास वेगळे आणि सावकाश ओढल्यास वेगळे वजन येते, ते निराळेच.

पहिली गोळी डबल अॅक्शनने (ट्रिगरच्या ओढीनेच हातोडी मागे जाऊन सुटते) आणि पुढच्या सिंगल अॅक्शनने (हातोडी आधीच मागे असते) सुटणाऱ्या पिस्तुलांचा विचारही दोन आकड्यांनी करावा लागतो. सिग पी226 मध्ये कारखान्याच्या नोंदीप्रमाणे पहिली ओढ सुमारे साडेचार किलोची, तर पुढची सुमारे दोन किलोची असते. त्यांची सरासरी काढणे म्हणजे दोन्ही चुकवणे.

मोरिनीच्या सीएम 162 या एअर पिस्तुलाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे ईआय आणि यांत्रिक ट्रिगरचे एमआय अशा दोन रूपांत येत आले आहे, आणि दोन्हींचा मूळ साचा एकच असल्याने निव्वळ ट्रिगरची तुलना करण्यासाठी याहून चोख जोडी मिळणे अवघड. ईआयमध्ये बोट एक विद्युत कळ दाबते, घासणारे पोलादी भाग जवळपास नसल्याने क्रीप नावापुरतीही जाणवत नाही. एमआयमध्ये धातूच्या दोन कडा एकमेकींवरून सुटतात आणि ते सुटणे, कितीही सुबक असले तरी, बोटाला कळते. दोन्ही 500 ग्रॅमवर लावता येतात. तरीसुद्धा कित्येक नेमबाज बॅटरीची चिंता नको म्हणून किंवा ते कळणे हवेसे वाटते म्हणून एमआयच निवडतात, आणि त्यांना मागासलेले म्हणता येणार नाही.

तुलना करायचीच असेल तर गोळ्या झाडून करू नये, कारण धक्का आणि आवाज बोटाची आठवण पुसून टाकतात. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी, सुरक्षित दिशेला कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर ते धरावे, नजर पुढच्या माशीवर (नळीच्या टोकावरील नेम धरण्याच्या खुणेवर) ठेवून ट्रिगर सावकाश ओढावा आणि सुटण्याच्या क्षणी माशी कोणत्या बाजूला लचकते ते पाहावे. खाली झुकली तर बहुधा बोटाने शेवटी झटका दिला, आणि सुटल्यानंतर हलली तर ट्रिगर सुटून फार मागे जात असावा, असे समजावे. रिमफायर पिस्तुलांवर (ज्यांत काडतुसाच्या कडेवर वार होतो) मात्र हा प्रयोग निर्मात्याची पुस्तिका पाहूनच करावा, कारण काहींमध्ये रिकामा वार चेंबरच्या (काडतूस बसते त्या पोकळीच्या) कडेवर बसून ती दबते.

पुढील भागात लेखकाने प्रत्येक मॉडेलच्या नावापुढे निदान एवढे छापावे, अशी विनंती आहे: पिस्तूल नवे होते की वापरून मऊ झालेले, फायरिंग पिनचा अडसर होता की नाही, मॅगझिन आत होते की बाहेर, आणि वजनकाट्याचा हुक ट्रिगरच्या कोणत्या भागाला लावला होता.

आपला,
एक पिस्तूल नेमबाज