पोस्टरवर एवढं एक वाक्य टाकाच, मंत्रीसाहेब

मा. आरोग्यमंत्री साहेब,

नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. मुलीला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर घडवू शकणाऱ्या व्हायरसविरुद्धची, लस द्यायची म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो, लशीतूनच व्हायरस अंगात शिरला तर? आणि सरकारी जाहिरातीत काय असतं, तर "लस सुरक्षित आहे" आणि खाली तुमचा फोटो. का सुरक्षित आहे ते कोण सांगणार?

अहो, या लशीत व्हायरस नसतोच! असतं ते फक्त त्याच्या कवचाचं प्रोटीन, एल-वन नावाचं, ते यीस्टमध्ये किंवा किड्यांच्या पेशींमध्ये बनवतात आणि गंमत म्हणजे ते आपलं आपणच जुळून येऊन हुबेहूब व्हायरससारखा कण तयार होतो, पण आत व्हायरसचा डीएनए नाही, त्यामुळे तो वाढत नाही की आजार देत नाही. बुजगावणंच म्हणा ना. शरीर मात्र फसतं आणि खऱ्या अँटीबॉडी तयार ठेवतं. इयान फ्रेझर आणि जियान झोऊ या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हे कण बनवून दाखवले, २००६ ला लस आली.

बरं, हे काही नवीन खूळ नाही. हिपॅटायटिस बी ची यीस्टमधली लस १९८६ पासून आहे, तीसुद्धा असल्याच कणांची, आणि त्याच्या आधीची लस तर इन्फेक्शन झालेल्या लोकांच्या रक्तातून काढायचे, विचार करा! पुढे त्याच कणावर मलेरियाच्या जंतूचा तुकडा बसवून आरटीएस,एस लस केली, २०२१ मध्ये डब्ल्यूएचओने तिची शिफारस केली. या कणांमधून औषध नाहीतर जीन एडिटिंगचं, म्हणजे जनुकांत बदल करायचं, सामान पेशीत पोचवायचे प्रयोगही चाललेत, पण ते एवढ्यात पोस्टरवर नको, उगाच लोक घाबरतील.

पोस्टरवर एवढंच लिहा: "या लशीत व्हायरस नाही, त्याचं फक्त पोकळ कवच आहे." खाली हेही लिहा की आधी झालेलं इन्फेक्शन ही लस बरं करत नाही आणि पुढे या कॅन्सरची तपासणी चुकवायची नाही. लपवलं की संशय वाढतो.

अजून एक, ही लस २ ते ८ डिग्रीतच ठेवायची असते, गोठली की वाया गेली, तर फ्रीजचं तापमान रोज बघायला माणूस नेमा, नुसतं रजिस्टर नको. आणि पोस्टर छापायच्या आधी दहा-बारा आयांना वाचायला द्या, कळलं नाही तर परत लिहा.

आपली,
एका मुलीची आई