विल्यमच्या गढ्या

संपादक महोदय,

इंग्लंड जिंकणारा विल्यम म्हटलं की सगळे १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईवरच थांबतात, पण खरी गोष्ट पुढे आहे. त्याची नॉर्मन माणसं, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीची, मूठभर, आजूबाजूला सगळी परकी प्रजा, मग याने काय केलं तर जागोजागी मातीचा उंच ढिगारा, वर लाकडी गढी, भोवती खंदक, झटपट काम! उत्तरेतल्या यॉर्क शहरात तर दोन-दोन गढ्या, तरी लोक उठलेच, मग १०६९-७० च्या हिवाळ्यात उत्तरेतली गावं, धान्य सगळं जाळलं, गुरं मारली, माणसं उपाशी मेली. याला नुसतं 'कुशल प्रशासक' म्हणणं मला तरी पटत नाही. जमिनी काढून आपल्या माणसांना वाटल्या आणि १०८६ मध्ये तर डुकरंसुद्धा मोजून दप्तरात लिहिली, आपले तलाठी परवडले!

– एक वाचक, ठाणे