पॉवर बँकवरची बारीक अक्षरे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कामानिमित्त वरचेवर प्रवास करणाऱ्यांनी कोणती उपकरणे जवळ बाळगावीत, याविषयी वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान पुरवण्यांत नेहमी लेख येतात. त्यांत हेडफोन, टॅब्लेट, स्मार्ट घड्याळ यांची छायाचित्रे ठळक असतात आणि चार्जर, केबल, पॉवर बँक यांची बोळवण शेवटच्या दोन ओळींत होते. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, कारण प्रवासात काम अडते ते लॅपटॉप जुना आहे म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ते अडते बॅटरी संपल्यामुळे किंवा हाताशी असलेली केबल पुरेशी वीज वाहून नेत नसल्यामुळे. शिवाय याच वस्तूंबाबत ग्राहकाला सर्वांत कमी माहिती दिली जाते.

पॉवर बँकेचेच पाहा. वेष्टनावर ‘२०,००० एमएएच’ (मिलीअँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचे एक माप) हा आकडा ठळक छापलेला असतो आणि फोनची बॅटरी ५,००० एमएएचची असल्याने तो चार वेळा पूर्ण चार्ज होईल, असा हिशेब कोणीही करतो. प्रत्यक्षात तो अडीच ते तीन वेळाच होतो. २०,००० हा आकडा आतल्या लिथियम-आयन सेलच्या सुमारे ३.७ व्होल्ट दाबाला धरून असतो, तर वीज बाहेर पडते ती ५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाने. दाब वाढवताना आणि फोनच्या बॅटरीत ती साठवताना काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. म्हणून खरे माप वॅट-तासांचे, म्हणजे साठवलेल्या एकूण ऊर्जेचे: या उदाहरणात २० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॅट-तास. लॅपटॉपची बॅटरी साधारण ५० ते ६० वॅट-तासांची असते, हे लक्षात घेतले की अशी पॉवर बँक लॅपटॉपला जेमतेम एकदा पुरेल, हे विकत घेण्यापूर्वीच कळते. वॅट-तासांचा आकडा वस्तूवर सहसा छापलेला असतो, पण मागच्या बाजूला आणि भिंग घेऊन वाचावा इतक्या बारीक अक्षरांत.

विमानप्रवासात तर याच आकड्यावर सारे ठरते. १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक सर्वसाधारणपणे चालते, १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढची प्रवाशाला नेता येत नाही. कोणतीही पॉवर बँक सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत ठेवायची नाही, स्वतःजवळच ठेवायची, हा नियम अनेकांना जाचक वाटतो. परंतु लिथियम बॅटरीने पेट घेतलाच तर केबिनमध्ये तो कोणाच्या तरी नजरेस पडतो आणि विझवता येतो, हे त्यामागचे साधे कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे एक विमान उड्डाणापूर्वीच आगीत सापडले आणि आग पॉवर बँकेतून लागली असण्याची शक्यता तपासात पुढे आली. त्यानंतर तेथे पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता हाताशी ठेवण्याचा नियम झाला, तर काही विमान कंपन्यांनी विमानात तिचा वापरच बंद केला. खरेदीचा सल्ला देणाऱ्या लेखात या गोष्टी आल्याच पाहिजेत.

केबलचा गोंधळ याहून अवघड आहे. २०१४ मध्ये आलेल्या यूएसबी-सी जोडणीने कोणत्याही बाजूने बसणारे एकच तोंड दिले आणि युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब्लेट, हेडफोन अशा उपकरणांना ते सक्तीचे केले, हे निश्चितच स्वागतार्ह आहे. पण तोंड एक झाले म्हणून केबल एक झाली नाही. दोन्ही टोकांना सी जोडणी असलेली साधी केबल ६० वॅटपर्यंत वीज वाहते. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळख पटवणारी चिप असलेली केबल लागते आणि अशा केबलमधून आताच्या मानकानुसार २४० वॅटपर्यंत वीज नेता येते. फोनबरोबर मिळणारी केबल चार्जिंगला उत्तम असली तरी माहिती पाठवताना पुष्कळदा सेकंदाला ४८० मेगाबिट या जुन्या वेगावरच थांबते. दिसायला सगळ्या सारख्याच. त्यामुळे १०० वॅटचा चार्जर घेऊनही लॅपटॉप रडतखडत चार्ज होतो आणि दोष मात्र चार्जरला दिला जातो.

चार्जरमध्ये अलीकडे झालेली सुधारणा खरोखर उपयोगाची आहे. आतल्या विद्युत भागांत सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइड हा अर्धवाहक पदार्थ वापरल्याने ऊर्जेचा अपव्यय कमी होतो आणि चार्जर लहान करता येतो. फोन व लॅपटॉप या दोहोंना पुरणारा एकच चार्जर आता खिशात मावतो. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतील प्रवासाला सर्वांत उपयुक्त ठरलेली वस्तू हीच. परदेशी जाताना सोबत घेतला जाणारा साधा ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, विजेचा दाब बदलत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. चार्जरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले असेल तर चिंता नाही. एकाच दाबावर चालणारा हेअर ड्रायर मात्र जळू शकतो.

आवाज दाबणाऱ्या हेडफोनांचे कौतुक मलाही आहे. इंजिनाची संथ, एकसुरी घरघर ते छान दाबतात, शेजारच्या प्रवाशाच्या गप्पा तितक्याशा नाहीत. मात्र कानात बसणाऱ्या छोट्या इअरबड्सची बॅटरी सहसा बदलताच येत नाही. ती क्षीण झाली की चांगला चालणारा ध्वनीचा भागही कचऱ्यात जातो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढता येण्याजोगी असावी लागेल. तोवर निदान परीक्षण लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न उत्पादकांना विचारावा.

आपणांस विनंती अशी की, आपल्या पुरवणीत अशा उपकरणांविषयी लिहिताना पॉवर बँकेचे वॅट-तास, केबलचे वॅट आणि वेग, चार्जरच्या प्रत्येक जोडणीला मिळणारी वीज आणि बॅटरी बदलता येते की नाही, एवढी माहिती छायाचित्राशेजारी छोट्या चौकटीत द्यावी. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलना आपण जी जागा देता, त्यातलीच थोडी यासाठी पुरेल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक