जड लॅपटॉप की हलका: मुलीस पत्र

सांगली

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

लॅपटॉपच्या दोन पर्यायांचा जो तपशील तू पाठवलास, तो आईने आणि मी नीट वाचला. पहिला दीड किलोचा, चौदा इंची, देखणा आणि पातळ. दुसरे पावणेतीन किलोचे वर्कस्टेशन, म्हणजे जड कामासाठी बनवलेला मोठा लॅपटॉप. तुझा कल पातळ लॅपटॉपकडे आहे, हे तुझ्या लिहिण्यावरूनच कळते. त्यामागची कारणेही चुकीची नाहीत. तरीही आर्किटेक्चरच्या चौथ्या आणि पाचव्या वर्षाचा विचार करता तू वर्कस्टेशन घ्यावेस, असे मला वाटते. मात्र दुकानदार ज्या कारणांसाठी ते विकेल, त्या कारणांसाठी मुळीच नव्हे.

आधी एक गोष्ट निकालात काढू. तुझ्या मैत्रिणींकडे मॅकबुक एअर आहे आणि त्याची बॅटरी दिवसभर पुरते, हे खरे आहे. परंतु इमारतीचे मॉडेल करायचे रेव्हिट आणि त्या मॉडेलची खरी वाटणारी चित्रे काढायचे लुमियन ही दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात. पूर्वीच्या इंटेल चिपच्या मॅकवर ॲपलच्याच बूटकॅम्प या सोयीने विंडोज टाकता येत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम-१ चिप आणली आणि तिच्यावर चालणाऱ्या मॅकवर ती सोय राहिली नाही. ऑटोकॅड आणि स्केचअप मॅकवर मिळतात, पण तुमच्या कॉलेजात स्टुडिओचे सगळे काम रेव्हिटमध्ये होत असेल, तर एवढ्याने भागणार नाही. म्हणून प्रश्न विंडोजच्या दोन यंत्रांपुरताच आहे.

तू लिहिले आहेस की रेव्हिटमध्ये मॉडेल करताना दोन्ही लॅपटॉप सारखेच चालतात. हे तुझे निरीक्षण अगदी बरोबर आहे. भिंत ओढणे, जिना फिरवणे, सेक्शन काढणे अशी रेव्हिटची बरीचशी कामे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतात आणि ती क्षणभराची असतात. पातळ लॅपटॉपचा प्रोसेसरही काही सेकंद पूर्ण वेगाने धावू शकतो, त्यामुळे दिवसभराच्या कामात फरक जाणवत नाही. तो जाणवतो रेंडर लावल्यावर, म्हणजे मॉडेलवरून चित्र तयार करायला यंत्राला बसवल्यावर. तेव्हा ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने आणि त्याच्या जोडीला प्रोसेसर असे दोन्ही कामाला लागतात, आणि काही सेकंदांऐवजी तास-दोन तास तसेच राहतात. उष्णता बाहेर टाकायला पातळ लॅपटॉपात ना पुरेशी जागा असते ना मोठे पंखे, म्हणून तापमान वाढले की प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही स्वतःचा वेग उतरवतात. तुमची ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडणे, एप्रिलअखेरीस असते, हॉस्टेलच्या खोलीत एसी नाही, आणि पुण्यात त्या दिवसांत पारा चाळिशीला टेकतो. जाहिरातीतला वेग त्या खोलीत मिळेल, अशी अपेक्षा धरू नकोस.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत तर नावावर मुळीच जाऊ नकोस, कारण खरी फसगत तिथेच होते. दोन वेगवेगळ्या लॅपटॉपांच्या माहितीत आरटीएक्स ४०६० हे एकच नाव लिहिलेले असू शकते. पण लॅपटॉपातल्या या कार्डाला ते बनवणाऱ्या एनव्हीडियाने ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वीज देण्याची मुभा ठेवली आहे, आणि किती द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. आपल्या मळ्यावर व्होल्टेज पडले की तीच मोटार तेच पाणी उचलते, पण टाकी भरायला सारी दुपार जाते. तसेच हे आहे. हा आकडा बाहेरच्या खोक्यावर बहुधा नसतो. दुकानात यंत्र सुरू करून एनव्हीडिया कंट्रोल पॅनेल उघड, त्यात सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये जा, आणि 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर'समोर किती वॅट लिहिले आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पातळ लॅपटॉपात तिथे पन्नासच्या आसपासचा आकडा दिसला, तर त्या कार्डासाठी मोजलेले बरेच पैसे वाया गेले असे समज.

आता वर्कस्टेशनविषयी. दुकानदार सांगेल की यातले कार्ड प्रोफेशनल आहे आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी ते तपासून प्रमाणित केलेले आहे. ते खोटे नाही. सॉलिडवर्क्स किंवा सीमेन्स एनएक्सवर यंत्रांचे सुटे भाग आखणाऱ्या कारखान्यांना त्या प्रमाणपत्राची खरोखर गरज असते, कारण काही अडले तर सॉफ्टवेअर कंपनीकडे दाद मागता येते. पण आरटीएक्स २००० एडा हे लॅपटॉपातले प्रोफेशनल कार्ड घे किंवा साधे ४०६० घे, दोन्हींत कूडा कोअर, म्हणजे गणिते करणारे छोटे भाग, ३,०७२ आणि कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबीच आहे. लुमियनच्या दृष्टीने दोघांत फारसे अंतर नाही. स्वतःतल्या चुका दुरुस्त करणारी इसीसी मेमरी हीदेखील अशीच. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नकोस.

मग वर्कस्टेशन कशासाठी घ्यायचे? एक तर त्याच्या पंख्यांसाठी, आणि त्याहून अधिक ते उघडता येते यासाठी. तू निवडलेल्या पातळ लॅपटॉपात १६ जीबी रॅम, म्हणजे काम चालू असतानाची मेमरी, आतल्या मुख्य बोर्डावरच कायमची डाग देऊन (सोल्डर) बसवलेली आहे. ती पुढे वाढवता येणार नाही. रेव्हिटच्या अलीकडच्या आवृत्त्यांना ते बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने किमान १६ जीबी सांगितली आहे, आणि मॉडेलच्या फाइलच्या साधारण वीस पट मेमरी लागते असा तिचा ठोकताळा आहे. तुझ्या तिसऱ्या वर्षाच्या हाउसिंग प्रकल्पाची फाइल चारशे एमबीच्या पुढे गेली होती, म्हणजे तिलाच आठ जीबी हवी. त्यावर विंडोज, ब्राउझर, फोटोशॉप आणि लुमियन. थिसिसची फाइल याहून लहान असेल असे मला वाटत नाही. वर्कस्टेशनला रॅमचे स्लॉट आहेत. कंपनीकडून रॅम वाढवून घेणे महाग पडते, म्हणून १६ जीबीची एक स्टिक असलेले यंत्र घेऊ आणि दुसरी दुकानातच बसवून घेऊ. त्याने वॉरंटीला बाध येत नाही, हे मात्र बिलावर लिहून घेऊ. फायली साठवणाऱ्या एसएसडीचा दुसरा स्लॉटही आहे. शिवाय या वर्गातल्या यंत्रांना ऑनसाइट वॉरंटी घेता येते, म्हणजे माणूस हॉस्टेलवर येऊन दुरुस्ती करतो. सबमिशनच्या आठवड्यात लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला देऊन बसणे तुला परवडणारे नाही.

वजनाचा प्रश्न मी हलका धरत नाही. पावणेतीन किलोचे यंत्र आणि वर अर्धा-पाऊण किलोचा चार्जर रोज खांद्यावर घेऊन तू बसने ये-जा करत असतीस, तर हे पत्र मी वेगळे लिहिले असते आणि आईने तर ते मला लिहूच दिले नसते. पण तुझे हॉस्टेल कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि रेंडर तू रात्री खोलीतल्या टेबलावर लावतेस. साइट व्हिजिटला वही, टेप आणि फोन पुरतो. ट्रेनिंगच्या सत्रात ज्या ऑफिसात जाशील, तिथे डेस्कटॉप मिळतो का, हे आधीच विचारून ठेव.

बॅटरीची आशा मात्र सोडून दे. विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून मोठ्या लॅपटॉपांतही ९९ च्या आसपासचीच बसवतात. रेंडरच्या वेळी यंत्र दीडशे वॅट ओढू लागले तर ती चाळीस मिनिटांत संपेल. आणि बॅटरीवर असताना कार्डाला पूर्ण वीज मिळतही नाही. तेव्हा हे यंत्र प्लगला लावूनच वापरायचे, असे मनाशी धरूनच ते घ्यायचे.

शनिवारी मी पुण्याला येतो. तोवर पैसे भरू नकोस आणि ऑनलाइन ऑफर संपत आहे म्हणून घाईही करू नकोस. हाउसिंग प्रकल्पाची रेव्हिट फाइल आणि तिचा लुमियन सीन पेनड्राइव्हवर घेऊन ये. दुकानदाराशी फोनवर बोलून ही दोन्ही सॉफ्टवेअर डेमोच्या यंत्रांवर अगोदर टाकून ठेवायला सांग. आपण दोन्ही यंत्रांवर तोच सीन अर्धा तास चालवू. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग सुरुवातीला किती होता आणि अर्ध्या तासाने किती उरला, ते तू लिहून घे. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर हात ठेवता येतो का, तेही पाहा. पातळ लॅपटॉपने त्या अर्ध्या तासात वेग टिकवला, तर रॅमचा प्रश्न तेवढा उरेल, आणि त्याचे ३२ जीबीचे मॉडेल मिळते का ते आपण तिथेच विचारू.

येताना कॉलेजचे ओळखपत्र विसरू नकोस. विद्यार्थ्यांसाठी काही सवलत असली तर ते दाखवावे लागते.

तुझे,
बाबा