खुले पत्र : दोन राज्यांच्या मध्ये राहिलेली बाई

मा. महिला व बालकल्याण मंत्री, कर्नाटक राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

निपाणीत मी बायकांचे सरकारी अर्ज भरून देते. गेल्या मंगळवारी एक मावशी आल्या. देवीचा वार म्हणून उपाशी. पदराआडून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली. रेशनकार्डाची झेरॉक्स, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि तळाला भंडाऱ्याची पुडी.

लहानपणी मावशींच्या केसांत जट निघाली म्हणून सौंदत्तीला यल्लम्माकडं नेऊन गळ्यात दर्शन, म्हणजे देवीला सोडल्याची मण्यांची माळ, बांधलं. देवदासी सोडण्यावर बंदी आणणारा कर्नाटकचा कायदा १९८२ चा. हे घडलं त्यानंतर. वयात आल्यावर ओळखीच्याच बाईनं धुण्याभांड्याचं काम सांगून पुण्याला नेलं. नेलं ते बुधवार पेठेत, वेश्यावस्तीत.

"कसे काढले दिवस?" मी विचारलं.

"पैलं वरीस मी कुणासंगं बोललीच न्हाई. मग रायबागची एक होती, तिनं माझं बोलणं ओळखलं. आपल्या ताटात जेवाय बसवलं."

त्या ताटावर त्या जगल्या. धंद्याची साडी वेगळी, देवीपुढं बसायची वेगळी. परडी पुजताना दाराला आतून कडी; तेवढा वेळ कुणाला आत घेणं नाही. गावाकडं "कारखान्यात कामाला आहे" असं सांगायचं आणि भिशीतून आईला पैसे धाडायचे. दारूही होती. "तिला नावं ठेवू नका ताई, तिच्याबिगर रात सरत नव्हती," म्हणाल्या. मी नावं ठेवत नाही. पुढं नवी पोरगी आली की मावशीच तिला आपल्या ताटात घ्यायच्या.

मॅडम, आपल्या राज्यात १९९३-९४ आणि २००७-०८ मध्ये देवदासींची पाहणी झाली. दोन्ही मिळून ४६,६६० बायकांची नोंद आहे. दोन्ही वेळा मावशी पुण्यात होत्या, त्यामुळं त्यांचं नाव नाही. नाव नाही म्हणून पेन्शन नाही. पलीकडं महाराष्ट्रात विचारलं तर "तुम्ही कर्नाटकच्या." अथणी, चिकोडी, रायबागकडून सांगली-मिरज, पुणे, मुंबईला गेलेल्या कितीतरी बायका अशाच मध्ये अडकल्यात. सीमेवरच्या एकेका गावासाठी दोन्ही सरकारं कोर्टात भांडतात. या बाईला मात्र आपली म्हणायला कुणी पुढं येत नाही, याचा मला फार राग येतो.

२०२५ मध्ये विधिमंडळानं नवा देवदासी कायदा मंजूर केला. त्याची अंमलबजावणी करताना या बाहेर गेलेल्या बायका मोजा, महाराष्ट्र सरकारला सोबत घेऊन, त्या आहेत तिथं जाऊन. कागद नसेल तर सोबत राहिलेल्या बायकांची साक्ष धरा. तेवढा पक्का पुरावा दुसरा नाही. निपाणी-खानापुरात अर्ज मराठीतही द्या. कानडी अर्जावर अंगठा उठवताना वर काय लिहिलंय ते त्यांना कळत नाही.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध सुधारगृहात अडकवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्येच बजावलंय. छाप्यात सुटलेली पोर तिथं आली की समोर साहेब असतो, रजिस्टर असतं. तिच्याशेजारी मावशींसारखी बाई बसवा, तिच्या बोलीत बोलणारी. आणि ते सेवा म्हणून फुकट नको, महिन्याच्या पगारावर. या कामाचा त्यांच्याएवढा अनुभव कुठल्या पदवीवाल्याकडं आहे?

मावशींची पिशवी माझ्याकडेच आहे. अर्जातला "पाहणी क्रमांक" हा रकाना रिकामा ठेवलाय. येत्या मंगळवारी त्या परत येणार आहेत.

आपली,
निपाणीची एक अर्ज लिहिणारी