त्रिपुरीच्या आधी कॅमेऱ्याचं ठरवायला हवं

वेंगुर्ला,
वसुबारस

प्रिय बाबल्या,

सप्रेम नमस्कार. आई बरी आहे, गुडघे तसेच. माझं बीपी आटोक्यात आहे. प्रकृतीचं एवढंच.

पत्र अण्णांसाठी लिहितोय, त्रिपुरीच्या भजनाला त्यांना नीट चित्रित करायचंय. फोनवर तू मला अर्ध्यात तोडतोस, मग आपण कॅमेरा सावरणाऱ्या त्या जिंबलवरून भांडत बसतो आणि मुद्दा राहतो बाजूला.

कोजागरीला देवळात डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, झाली आणि आपल्याकडून अण्णा बसले. हो, अण्णाच. डॉक्टर नको म्हणाले होते, वहिनीने पेटी माळ्यावर टाकली होती, तरी बसले. काळी चारच्या उंच सुरात गाणारा माणूस खाली काळी एकवर आलाय, वरच्या सुराला आवाज फाटतो. पण गौळण उचलली आणि मांडवात चिटपाखरू हललं नाही. आणि बाबल्या, त्यांचा उजवा हात कापतो रे. पट्टीवर पडायच्या आधी बोट हवेतच थरथरतं, सुरावर टेकलं की शांत होतं. पुढच्या सुराला पुन्हा तेच. ज्या बोटाने आपल्या दोघांच्या टाळक्यात टिचक्या मारल्या, तेच हे बोट. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

मी तेच चित्रित करायला गेलो होतो. पण मंडळाने कॅमेऱ्याला जागा दिली ती मंचावर, पखवाजाच्या मागे. मंच म्हणजे पिंपांवर टाकलेल्या फळ्या. गजराला कोरस गुडघ्यांवर उठला आणि अख्खा मंच नाचायला लागला. आता घरी बघतो तर प्रत्येक थापेला चित्राला हिसका बसतो. अण्णांचा हात कापतोय की कॅमेरा, तेच कळत नाही. जे जपायचं होतं तेच त्यात हरवलंय.

मांडव सुटायच्या आधी मी फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवलं आणि सुन्याला पखवाजावर हात टाकायला सांगितला. डाव्या पुडीवर थाप पडली की पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची, दोघं नुसते चालत गेले तरी पाणी काठावरून सांडायचं. तेच फुलपात्र खाली फरशीवर ठेवलं, तर पाणी ढिम्म. माझं म्हणणं एवढंच आहे: भजनात कॅमेरा हातामुळे हलतो त्याहून जास्त पायाखालच्या फळीमुळे हलतो. लाखाचा स्टँड आणलास तरी तो फळीवर उभा असेल तर फळीबरोबरच नाचणार.

म्हणजे त्रिपुरीला स्टँड जमिनीवर हवा. पण कुठे? दीपमाळेचा चौथरा उंचीला बरोबर आहे, पण त्या रात्री तिथे पणत्या लागणार, तेल सांडणार, पोरं वर चढणार. उरला धर्मशाळेच्या पडवीचा कट्टा. जांभ्याचा आहे, तो कोणाच्या बापाला हलत नाही. पण तिथून अण्णा लांब पडतात आणि हात भरून दिसायला झूम पार ताणावा लागतो. हिशेब बघ. २०० मिमीच्या लेन्सला फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर आडवा कोन जेमतेम १० अंशांचा. तेवढ्यात १९२० पिक्सेल बसवायचे, म्हणजे कॅमेरा अंशाच्या दहाव्या भागाने जरी डुलला तरी चित्र १८-१९ पिक्सेल सरकतं. त्यात रात्री डोंगराकडून मतलई सुटतो. जवळ जावं तर फळ्या, लांब जावं तर वारा. गेले कित्येक दिवस डोक्यात हेच घोळतंय.

वाऱ्याचं मी बघतो. स्टँडचे जाड टप्पे आधी उघडायचे, शेवटचे बारीक टप्पे बंदच ठेवायचे. मधला दांडा अजिबात वर घ्यायचा नाही, तो वर आला की तीन पायांचा स्टँड एका काठीवर उभा राहतो. हुकाला अर्धा चिरा सुंभाने बांधायचा, पण जमिनीला टेकेल असा, कारण लोंबकळणारं वजन वाऱ्याने झोके घेतं आणि स्टँडलाही झोके देतं. रेकॉर्डिंग रिमोटने सुरू करायचं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (थरथर सावरणारी सोय) बंद, कारण माझी जुनी लेन्स स्टँडवर स्थिर असली की उगाच थरथर शोधत राहते आणि चित्र हळूच वाहवत नेते.

‘मग एडिटला सॉफ्टवेअरने स्थिर कर की’ असं तू म्हणणारच. बाबल्या, ते दिवसाउजेडी. आपण सेकंदाला २५ फ्रेमवर शटर १/५० सेकंद ठेवतो, आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून दिवेही लुकलुकत नाहीत. पण त्या १/५० सेकंदात हिसका बसला तर ती फ्रेमच पुसट होते. सॉफ्टवेअर फ्रेम जागेवर आणून बसवेल, पुसट झालेलं बोट कुठून आणणार? रात्री शटर आणखी वेगवान करायला उजेडही नाही. 4के घेऊन कडा कापायला जागा ठेवणार आहे, पण ती शेवटची सोय.

आणि ‘थोडं हललं की जीव येतो’ हे तुझं पालुपद. शिमग्यात पालखी नाचते तेव्हा कॅमेरा हातातच हवा, तिथे मी तुझ्या बाजूने आहे, आणि तू उलटा पळत घेतलेला तो शॉट गावात कोणाला जमणार नाही. (मागे शेणात पाय गेला तरी रेकॉर्डिंग थांबवलं नाहीस!) पण इथे थरथर अण्णांची आहे. ती त्यांचीच दिसली पाहिजे. त्यासाठी बाकी सगळं गप्प उभं राहायला हवं.

अण्णांना मी हे सांगितलं. त्यांनी हात धोतरात लपवला नाही, काही नाही. म्हणाले, “माझो हात कापता तो कापांदे. तुझो कॅमेरो हलूक नको.”

तर काम असं. तुझं फ्लुइड हेड, स्टँडवर कॅमेरा सावकाश वळवणारं ते डोकं, घेऊन ये. माझं गोळ्यावर फिरणारं बॉल हेड पॅन करताना, म्हणजे आडवं वळवताना, आधी अडतं आणि मग एकदम सुटतं. अभंग संपला की मला पेटीवरून अण्णांच्या चेहऱ्यावर जायचंय, सावकाश, आणि ते फ्लुइड हेडशिवाय होणार नाही. हँडलला रबरबँड लावून तोच ओढायची तुझी युक्ती इथे मला येत नाही, हात तुझाच हवा. गजराला मी खाली मोनोपॉडवर, म्हणजे एका पायाच्या स्टँडवर, कोरसचे क्लोजअप घेईन, कट्टा तुझा.

घराचा ताबा मिळाला का? छोटीची बारावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. आणि आयफोन बुलेटच्या हँडलला बांधून रील काढणं बंद कर. इंजिनाच्या कंपनाने आतलं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, हे ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय.

तुतारी एक्सप्रेसचं तिकीट आजच काढ, दिवाळीनंतर गर्दी असते. कुडाळला गाडी घेऊन येतो. हेड बॅगेत नको, हातात धरून आण.

तुझा,
दिग्या

ता. क. वहिनीने पेटी माळ्यावरून स्वतःच खाली काढली. भाता सुटलाय, येताना दादरहून चामड्याची पट्टी आण.