राजा आणि चांदणीचं काय करायचं

नेरळ, बुधवार रात्र

चि. अनुस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताट तसंच सोडून निघालीस. तुझ्या वाटणीचा आमरस दोन दिवस फ्रीजमध्ये होता, शेवटी आईनं शेजारी दिला. मला तर तो बंदच आहे. फोनवर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, मग तुझाही चढतो, म्हणून कागद घेऊन बसलोय. आई म्हणते सकाळी फोटो काढून पाठवते. अक्षर लागलं नाही तर तिला विचार.

तू त्या रायडिंग स्कूलवाल्यांना होकार दिलास तो माझ्यासाठी दिलास, हे मला कळतं. फेब्रुवारीत दोन स्टेंट बसल्यापासून कोंड्याचं पोतं आई ओढते, आणि तिच्या गुडघ्यांची अवस्था तुला ठाऊक आहे. घोडी आता दुसरीकडे गेली पाहिजेत यावर आपलं भांडण नाहीच. ती माणसंही वाईट नाहीत. मी त्यांच्याशी बोललो, घोड्यातलं कळतं त्यांना. पण त्यांना फक्त चांदणी हवी आहे. सतरा वर्षांची, अंगानं धड, स्वभावानं गरीब, लहान पोरांना शिकवायला चांगली. राजा नको. चोवीस वर्षांचा आंधळा घोडा कोण मागणार?

आणि मला दोघांना एकत्र पाठवायचंय. हे पुन्हा म्हणायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

मला हल्ली रात्री तीनला जाग येते. खिडकीतून गोठ्यामागचं अंगण दिसतं. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण खरी गाढ झोप त्याला आडवं पडल्याशिवाय लागत नाही, आणि आजूबाजूला निर्धास्त वाटल्याशिवाय तो आडवा पडत नाही. एक झोपला की दुसरा उभा राहतो. राजा तीनच्या सुमारास आधी पुढचे गुडघे मोडतो, मग धप्पकन बसतो, मग कुशीवर पडतो. चांदणी त्याच्या डोक्याशी उभी असते. अर्धा तास ती चरत नाही की हलत नाही, नुसते कान फिरवत असते. तो उठून अंग झाडतो तेव्हा कुठे ती कडब्याकडे वळते. गेले तीन महिने मी हे रोज पाहतोय. ती गेली तर तो झोपणार कधी, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहतं.

तुला आठवतं का ती दोघं आली ती रात्र? तू सातवीतून आठवीत गेली होतीस. हायकोर्टानं जून २०१५ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभराची मुदत दिली. ती मुदत संपत आली तसे व्हिक्टोरियावाल्या चाचांचे फोन सुरू झाले. गाडी भंगारात जाईल, जनावरांचं काय? इकडे मे २०१६ मध्ये माथेरानची गाडी दोनदा घसरली म्हणून बंद ठेवली होती. तीस वर्षं इंजिनांत हात घातलेला मी शेडमध्ये नुसता बसून होतो. आईला न विचारता मी हो म्हणून टाकलं. तिनं ते अजून विसरलेलं नाही.

दोघं एकाच गाडीची. जोडीनं कधी जुंपली नाहीत, एक संध्याकाळी तर एक रात्री. भेट व्हायची ती तबेल्यात, पाळी बदलताना. डांबरावर धावून राजाच्या पुढच्या पायांचे सांधे गेले होते आणि एक डोळा आधीच पांढुरका झाला होता. टेंपोतून उतरवलं तर मातीवर पाय ठेवायला तयार नाहीत. मऊ जमीन विसरली होती बिचारी. चाचांनी जाताना राजाच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि मला म्हणाले, इनको अलग मत करना. मी हो म्हटलं होतं, अनु.

दुसरा डोळा पुढच्या वर्षी गेला. डोळ्याच्या आतली सूज वारंवार येते आणि एक दिवस दिसायचंच थांबतं, घोडी आंधळी होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, असं डॉक्टर म्हणाले होते. राजा कुंपणाला धडकायचा, पाण्याच्या टाकीत तोंडाऐवजी पाय घालायचा. मी हात टेकले होते. तू आजोबांच्या बैलांची घुंगूरमाळ खुंटीवरून काढलीस, त्यातली अर्धी घुंगरं उतरवून चांदणीच्या गळ्यात बांधलीस आणि म्हणालीस, आता बघा बाबा. तिसऱ्या दिवशी तो तिच्या आवाजामागे ओढ्यापर्यंत जाऊन आला. चौदा वर्षांची होतीस तू. मी शेडमध्ये प्रत्येकाला सांगितलं होतं, माझ्या पोरीनं केलंय म्हणून. तुला मात्र तेव्हा म्हणालो, माळ का तोडलीस. ते चुकलंच माझं.

आणि २०१९ चा मार्च. चांदणीचा पाय तारेत फाटला म्हणून तिला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं, पाच दिवस. राजानं कुंपणाच्या कडेनं चालून चालून वाट पाडली. पहिल्या रात्री ओरडत होता, दुसऱ्या दिवशी ओरडायचा थांबला आणि पाणीही प्यायचा थांबला. तिसऱ्या दिवशी पोटात दुखायला लागलं. वळून वळून कुशीकडे तोंड नेतोय, पुढच्या पायानं जमीन उकरतोय, लोळतोय. घोड्याला उलटी होत नाही, पोटात अडकलं की बाहेर यायला दुसरा रस्ता नाही, बघता बघता जीव जातो. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून तेल सोडलं आणि फिरवत ठेवा म्हणाले. पहाटेपर्यंत तू त्याला फिरवलंस, एका हातात दोर, दुसऱ्यात मोबाईलची बॅटरी. सकाळी दहावीचा भूगोलाचा पेपर होता.

म्हणून रविवारी तू 'इंजेक्शन' म्हणालीस तेव्हा मी तसा उठून गेलो. ज्या पोरीनं त्याला रात्रभर फिरवलं तिच्या तोंडून ते आलं म्हणून. नंतर विचार केला. तू सहज बोलली नव्हतीस. म्हातारं, आंधळं जनावर वाईट हाती पडण्यापेक्षा घरी, आपल्या हाताखाली, न दुखता गेलेलं बरं, असं जाणते डॉक्टरही सांगतात. त्याला खरंच वेदना असत्या तर मीच म्हणालो असतो. पण अजून त्याची भूक आहे, अनु. दाढा झिजल्या म्हणून कडब्याचे चघळलेले बोळे तोंडातून पडतात, ते चांदणी वेचून खाते. पण भिजवलेला कोंडा आणि चंदी तो घमेलं चाटून संपवतो. तुझ्यावर ओरडलो त्याची माफी मागतो. आईसमोर ओरडायला नको होतं.

आता कामाचं. तू ग्रुपवर फोटो टाकलास, फोन बरेच आले. एकाला पांढरी घोडी लग्नाच्या वरातीसाठी हवी होती, पैसे देतो म्हणाला, आज नेतो म्हणाला. असा आज नेतो म्हणणारा माणूस टाळायचा. फुकट दिलेलं जनावर महिन्याभरात तिसऱ्याच्या हाती असतं, वरातीत नाहीतर वीटभट्टीवर. जो येईल त्याच्या घरी आधी आपण जायचं, एकदा कळवून आणि एकदा न कळवता. पाण्याची टाकी बघायची, तळाला शेवाळ आहे का. त्यांच्याकडे आधीची जनावरं असतील तर त्यांचे खूर बघायचे. नालबंद शेवटचा कधी आला ते विचारायचं, सहा-आठ आठवड्यांच्या वर गेलं असेल तर तिथंच समजायचं. रात्री घोड्यांजवळ कोण असतं ते विचारायचं. कागद करायचा. विकणार नाही, जुंपणार नाही, दोघांना वेगळं करणार नाही, आणि सांभाळता आलं नाही तर आपल्याकडेच परत पाठवणार. निघण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी. तो रोग माणसालाही लागतो आणि घोड्याला निघाला तर कायद्यानं त्याला ठेवता येत नाही, त्यामुळे रिपोर्ट हातात आल्याशिवाय टेंपो बोलवायचा नाही. आपला कडबा आणि कोंडा आठ-दहा दिवस पुरेल एवढा सोबत द्यायचा, नवा चारा थोडा थोडा मिसळत न्यायचा, नाहीतर पुन्हा पोट...

तुला हे सगळं येतं. तूच मला यातलं निम्मं वाचून दाखवलंयस. बापाला वाटतं आपण सांगितलं नाही तर राहून जाईल. रागावू नकोस.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. काल दुपारी भोरकडून एका बाईंचा फोन आला. नवरा-बायको दोघं निवृत्त, तीन एकर, विहीर. त्यांच्याकडे एक म्हातारा टट्टू आहे आणि त्याची सोबतीण गेल्या दिवाळीत गेली. तेव्हापासून तो दारातच उभा असतो, चरायला लांब जात नाही. त्या बाई राजा-चांदणी दोघांनाही घ्यायला तयार आहेत. राजाचं सगळं सांगितलं मी, डोळे, दाढा, सांधे, औषधाचा खर्च. काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. राजा आधी गेला, किंवा चांदणी आधी गेली, तर मागे राहिलेल्याला आमच्या टट्टूची सवय तोपर्यंत झालेली असेल ना?

मला उत्तर देता येईना. एवढ्या फोनांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा माझ्या मनाला विचारलं नव्हतं. मी जोडी फुटू नये एवढंच धरून बसलो होतो, आणि ती कधीतरी फुटणारच आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री तुझी आई कॉटशेजारच्या खुर्चीत बसून होती. तिला घरी जा म्हटलं तर गेली नाही. तेव्हापासून हा विचार मी आत येऊच देत नाही. तो जाऊ दे. हे पान आईला वाचून दाखवणार नाही, फोटो काढताना तिनं वाचलं तर वाचलं.

तर तू रायडिंग स्कूलवाल्यांना फोन कर. मी करत नाही, शब्द तू दिलायस, तूच परत घे. नीट सांग, त्यांचा काही दोष नाही, चांगली माणसं आहेत, पुढंमागं दुसऱ्या कुणाची एकटी घोडी असेल तर आपणच त्यांना कळवू.

भोर तुला पुण्याहून जवळ. रविवारी सकाळी आधी तू एकटी जाऊन बघ, न कळवता. टट्टूचे खूर बघ, टाकी बघ. ओढा असेल तर त्याला कुंपण आहे का बघ, राजाला उतार कळत नाही. दुचाकीवर जाणार असशील तर हेल्मेट. मनाला पटलं तरच मला हो म्हण, नाही पटलं तर मी पुन्हा शोधेन, पाऊस लागायला अजून वेळ आहे. जागा मी स्वतः बघायला हवी होती, पण डॉक्टर घाट चढू देत नाहीत.

पटलं तर पुढच्या शनिवारी घरी ये. कर्जतला उतर, तिथून नेरळची लोकल घे. टेंपोत आधी चांदणीला चढवायचं, म्हणजे घुंगरांच्या आवाजावर तो मागून येईल, आणि त्याला माझ्यापेक्षा तुझा हात ओळखीचा आहे. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरचा नालबंद शुक्रवारी येऊन दोघांचे खूर करून जाईल म्हणालाय.

माळेचा पट्टा एका जागी तुटायला आलाय. चांभाराकडे दिलाय, दुहेरी शिवून दे म्हटलं. उरलेली अर्धी घुंगरं तू तेव्हा कुठं ठेवलीस? आईला सापडत नाहीत. त्या टट्टूलाही एक माळ करून देऊ, म्हणजे राजाला त्याचाही आवाज ओळखीचा होईल.

जेवत जा वेळेवर.

तुझा
बाबा